शब्बाथचं मूळ

फाळणीआधीची गोष्ट. मला वाटलं होतं, मी कराचीहून हिब्रू शिकून आले म्हटल्यावर भोरची आमची बेने इस्राएल, म्हणजे ज्यू मंडळी धर्मग्रंथातल्या शब्दांचे अर्थ विचारायला मामांच्या ओट्यावर गर्दी करतील. आली ती एकटी मामी, तीही तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन.

"मामी, शब्बाथ म्हणजे नुसती शनिवारची प्रार्थना नव्हे," मी आवेशाने सांगितलं. "त्या शब्दाचं मूळच आहे थांबणं. हातातलं काम सोडायचं."

"म्हणून तुझं मामा शनवारी तेलाच्या घाण्याचा बैल सोडत्यात व्हय?"

"हो. बैलालाही विश्रांती द्यावी, असं ग्रंथातच आहे."

"आन् बाईला?"

"बाईलाही!"

मामीने सूप खाली ठेवलं. "बैलाला ठावं हुतं. मला कुणी सांगितलं न्हाई."

पुढच्या शनिवारी मामांनी नेहमीसारखे पाहुणे जेवायला आणले. स्वयंपाक शुक्रवारीच करून झाकलेला होता. मामी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती.

"अगं, वाढतीस न्हवं?" मामा म्हणाले.

"मी थांबलीया."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्ये तू शिकवलंस?"

मी अभिमानाने हो म्हटलं.

"मग ऊठ, आता तूच वाढ."

मी वाढलं, पाणी आणलं, उष्टी काढली. खरकटी भांडी अंगणात तशीच राहिली. मामी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "लई चांगला शबुद हाय गं."

रविवारी सकाळी ती भांडी घासताना मी ठरवलं, येत्या शनिवारी मीही थांबणार. मामांना मात्र शुक्रवारीच सांगायचं, म्हणजे वाढायची पाळी त्यांच्यावर येण्याआधी पाणी भरून ठेवायला त्यांना वेळ मिळेल.