गोधड्या घेऊन पिनांगला

न्हाई न्हाई, बसा की हो, लगेच कुठं उठता — पाणी विचारलं न्हाई म्हणून राग आला व्हय? राग मानू नका मन्मथराव, सध्या आमच्या गल्लीत पाहुण्याला पाणी विचारायची रीतच मोडलीय, एकदम चहाच टाकतो आम्ही — चहाला अर्धा कप पाणी, बाकी दूध. पाणी द्यायचं तर तांब्या भरून द्यावा लागतो, आन पाहुणा दोन घोट पितो आन उरलेलं अंगणात ओततो. ओतलेलं बघवत न्हाई हो. आता तुम्ही लातूरचे, तुम्हाला काय सांगायचं — तुमच्याकडं तर रेल्वेनं पाणी आलं, टीव्हीत दाखवलं, इंजनाला हार काय, नारळ काय. आमच्या उदगीरलाबी रेल्वे येती की! येती, माणसं उतरवती आन जाती, थेंब न्हाई. घ्या, चहा घ्या, गार व्हायलाय. हां, तर मी काय म्हणत होते — त्या तुमच्या सहलीच्या कागदावर माझ्या नावापुढं लिहून टाका, नीलम्माबाई बंदरावर उतरणार न्हाईत. तिन्ही बंदरांवर. पिनांग न्हाई, लंकावी न्हाई आन ते तिसरं — फुकेत — तेबी न्हाई. बोटीत बसते म्हणलंय ना मी, मग झालं की. लेकानं हौसेनं काढलीत तिकिटं, घराण्यात कुणी बोटीत बसलं न्हाई, आमच्या सासऱ्यांनी तर मांजरा नदीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून घेतले होते म्हणं, तर मी बसते. सिंगापूरला विमानानं नेता, न्या. पण जागोजागी उतरायचं कशाला?

आमच्या लेकानं, रेवणनं पाठवलं ना तुम्हाला? मला म्हाईतच हाय. फोनवर मी न्हाई म्हणलं, फोन ठेवून दिला, तर आता माणूसच पाठवला घरी. आन ती सिंधु, आमची सून — गुणाची हाय, न्हाई म्हणत न्हाई मी — पुण्यात बसून तिनं सगळ्यांची वाटणी करून ठेवलीय. पिनांगला फुलपाखरांची बाग, लंकावीला दोरीवरच्या डब्यात बसून डोंगरावर, फुकेतला हत्तीला आंघोळ घालायची. हत्तीला! ऐकलं आन मी खालीच बसले. आवो, इथं माणसाला आंघोळ न्हाई, आमची नात पुण्याहून येते तर तिला ओल्या फडक्यानं पुसून काढते मी, आन ह्या तिकडं जाऊन हत्तीला आंघोळ घालणार. पैसे देऊन!

मी काय करणार म्हणता बोटीवर एकटी? आता विचारलंच तर सांगते, पण रेवणला सांगू नका, तो हसतो. त्या खोलीतल्या मोरीत तोटी हाय ना? तिला पाणी येतं ना? कवाबी येतं? रात्री, पहाटे, कवाबी? खरं सांगा, गिऱ्हाईक म्हणून सांगू नका. तर मग मी गोधड्या धुणार हाय. हसू नका. आवो, दसऱ्याच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवून काढायची हे तुमच्याबी घरात असंलच की, आमच्या सासूबाई तर तापात असल्या तरी तळ्यावर जायच्या. मागच्या दसऱ्याला तळ्यात भेगा होत्या. नुसत्या उन्हात टाकल्या, काठीनं झोडपल्या आन दसरा काढला म्हणलं. देवाला फसवलं मी. त्याच्या आदल्या सालीबी तसंच. आता त्या गोधड्या अंगावर घेते तर झोप लागत न्हाई, सासूबाई वरून बघून राहिल्यात असं वाटतं. म्हणून म्हणलं सगळे जण खाली उतरले की मोरी मोकळी, नळाला जोर चांगला, कुणाची घाई न्हाई — दारं लावून घ्यायची आन एकेक गोधडी पायानं तुडवून काढायची. कठड्यावर वाळत घालते, समुद्राला वारा असतोच. दोरी मी माझी आणते.

चालत न्हाई? वजनाचं म्हणता? मग मी साड्या नेत न्हाई, दोन साड्यांत भागतं माझं. तिथलेच लोक धुवून देतात? मशीनमधे? गोधडी? आवो, माझ्या आईच्या इरकलीची गोधडी हाय ती, मशीनमधे घातली तर दोरे तेवढे बाहेर येतील. आन वरच्या मजल्यावर हौद हाय म्हणं मोठा? ह्या चित्रात दिसतोय तोच ना? गोडं पाणी? आन ही माणसं त्यात नुसती बसलीत? शिव शिव शिव. घरी आम्ही लिंगपूजेला फुलपात्रात मोजून पाणी घेतो आन तेच मग तुळशीला घालतो, आन हे बघा, टोपी घालून बसलेत त्यात. न्हाई, हौदात न्हाई धुणार मी, तेवढी रीत कळते — बादली बुडवून घ्यायची आन बाजूला होऊन धुवायचं. तेबी न्हाई? मग तुमच्या बोटीत चालतं तरी काय हो?

काय म्हणता — मधे एक दिवस बोट नुसती समुद्रातच चालती, त्या दिवशी धुवा, आन बंदराच्या दिवशी उतरा? हां… न्हाई, त्या दिवशी नको. कशाला म्हणजे? त्या दिवशी सगळे वरच असतात, चार लोक बघतील, सुनेला लाज वाटंल. न्हाई, बंदराच्याच दिवशी बरं पडतं. गुडघे चांगले हायत हो माझे, गुडघ्याचं काय काढलं मधेच? रोज तीन जिने चढते मी टाकीत डोकवायला. चालायचं भ्या न्हाई मला. चालते मी. मला फक्त — राहू द्या. उतरायचं न्हाई म्हणलं ना एकदा. तुम्ही फार खोदून विचारता बघा, तुम्ही खरंच तिकिटाच्याच धंद्यात हाव ना?

मालक? मालक मोर्चाला गेलेत. उदगीरचा नवा जिल्हा झाला पाहिजे म्हणून मोर्चा हाय ना आज, तहसीलवर. व्हईल तवा व्हईल. मी म्हणलं ह्यांना, जिल्हा झाला की नळाला पाणी येतंय का? तर म्हणले, अगं, कलेक्टर इथं बसला की येतंय. म्हणलं मग लातूरला कलेक्टर हायच की, तिथं का रेल्वेनं आणावं लागलं? त्यावर चपला घालून गेले. बोलण्यात हरले की चपला घालतात. आन मोर्चात कुठं असतील म्हणता — पुढं. सगळ्यात पुढं. बॅनरच्याबी पुढं. पोरं मागनं ओरडतात, ओ गुंडप्पा काका, बॅनर मागं राहिला! ह्यांचं लक्ष न्हाई. आवो, सगळी नोकरी मीटरचं रीडिंग घेण्यात गेली ह्यांची — एका घरातून निघालं की दुसऱ्या घरात, मागं बघायचं कामच न्हाई. मानच वळत न्हाई मागं. रिटायर झाले तरी गल्लीतनं जाताना मीटरकडं बघत जातात, बायकोकडं न्हाई. पिनांगला काय बघायचं विचारलं तर म्हणले, तिथं मीटर घराच्या आत असतात का बाहेर, ते बघून येऊ. हे त्यांचं फिरणं!

आता बोलायला लागलेच हाय तर ऐका. लग्नात उपरण्याला गाठ मारली होती ना, तेवढी सात पावलं आम्ही सोबत चाललो. गाठ सुटली आन हे जे पुढं गेले ते गेलेच. कपिलधारच्या यात्रेला गेलो एकदा. हे पुढं. मी म्हणते, आवो, थांबा जरा — शेवटी नाव घेऊन आवाज देते तर गर्दीत कुठल्या गुंडप्पाला ऐकू जावं! दोन-चार गुंडप्पा वळले, हे सोडून. मी मग निलंग्याकडच्या बायांसोबत बसले, त्यांच्या भाकरी खाल्ल्या, त्यांच्यातच निजले, सकाळी त्या बाया म्हणल्या, नीलम्मा, तुझी ओढ लागली गं आम्हाला. परक्या बायांना ओढ लागली बघा. आन हैदराबादचं तर सांगूच नये. तिथलं ते मोठं प्रदर्शन, नुमाईश, बघायला गेलो होतो. मी बांगड्या बघायला थांबले, मिनिटभर, खरंच मिनिटभर — मान वर करते तर ह्यांची पाठ गायब. रडले मी तिथं. एका मुसलमान बाईनं मला धरून बसस्टँडवर आणलं, बिदरच्या गाडीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, इनको संभालके उतारना. आन हे? हे कवाच घरी पोचले होते! दारात आले, खिशात हात घातला, किल्ली न्हाई. किल्ली माझ्या कमरेला. तवा ह्यांना आठवलं की आपली बायको होती सोबत. कुलूप बघून आठवण आली माझी! मी आले तर पायरीवर बसलेले, आन पहिला शब्द काय — "किती वेळ लावलीस गं."

तुम्ही हसा. सगळेच हसतात. मीच सांगते हसत हसत, लग्नाकार्यात बाया मुद्दाम सांगायला लावतात, नीलम्माबाई, ते किल्लीचं सांगा. मीबी सांगते. पण मन्मथराव, खरं सांगू का, मला त्याचा राग येतो. लई येतो. एवढ्या वर्षांत मी ह्यांची पाठच बघितली हो. शर्टाच्या पाठीवर कुठं डाग पडतो, कुठला खांदा उतरलाय, सगळं म्हाईत हाय मला — बाजूनं चालताना हे कसे दिसतात ते म्हाईत न्हाई. इथं निभतं. उदगीरात, बिदरात, लातुरात कुणीतरी वळखतं, मीटरवाल्या गुंडप्पाची बायको ना तू, म्हणून घरी पोचवतं. तिकडं कोण पोचवणार? भाषा न्हाई, रुपया न्हाई, आन तुम्हीच मघा म्हणलात — वेळ झाली की बोट थांबत न्हाई. म्हणलात ना? रेवण आन सिंधु पोरीच्या मागं असतील, ते काय माझा हात धरून चालणार? आन मी का म्हणून लेकाचा हात धरू — माझं माणूस पुढं चाललेलं असताना? बोट शिट्टी मारून गेली आन मी पिनांगच्या बाजारात उभी… आन हे बोटीत जाऊन, खोलीचं दार बघून म्हणणार, अरे, किल्ली कुणाकडं हाय! म्हणून उतरत न्हाई मी. गोधड्या धुवायच्यात हे खरंय. पण म्हणून उतरत न्हाई.

डोळे पुसले न्हाईत, धूर गेलाय. चुलीचा. हां, गॅसच हाय, गॅसचा गेलाय. ठेवा तो कप खाली. आन ते पुस्तक आवरा तुमचं, काय उलटून दाखवून राहिलात — बघितली मी सगळी चित्रं. फुलपाखरं बघितली, हत्ती बघितला. हे? हे न्हाई बघितलं. काय हाय हे, सायकलरिक्षा? फुलं लावलीत की चारी बाजूनं, छत्रीबी हाय. आन चालवणारा मागं बसतो? मागं? आन बसणारे पुढं? दोघं? एकाच बाकावर, खेटून? थांबा, चष्मा आणू द्या — न्हाई, दिसतंय, दिसतंय. म्हणजे ह्याच्या पुढं कुणीच न्हाई. आन चालू रिक्षातून मधेच उतरता येतं का? न्हाई ना? बरं. मीटर-बीटर बघायला थांबवतात का वाटेत? आपण सांगितलं तरच थांबवतात. बरं बरं. आन ती माणसं परत बोटीपाशीच आणून सोडतात? नक्की? कुणाला मागं ठेवत न्हाईत?

किती वेळ फिरवतात? एक तासच? दोन तासांचं न्हाई का? हाय? मग दोन तासांचं लिहा. पिनांगला, दोघांचं, गुंडप्पा आन नीलम्मा. ह्यांच्या फुलपाखरांवर काट मारा, फुलपाखरांच्या मागं तर हे थायलंडपतूर जातील. लंकावीचं? त्या दोरीवरच्या डब्याला दार असतं का? बाहेरून बंद करतात? लिहा तेबी, दोघांचं. हत्ती नको. हत्तीचं तुम्ही तुमच्यात बघा.

गोधड्या? राहू द्या आता गोधड्या. पाऊस पडंल की कवातरी, तळ्यावरच नेईन, सासूबाईंना म्हणलं तेवढं थांबा. खरं सांगा, त्या बाकावर खांद्याला खांदा लागतो ना? न्हाई, उगं विचारलं.

अय्यो, आले वाटतं! कडी वाजली. बघा, मोर्चा अजून चौकातबी आला नसंल, हे तहसीलला हात लावून घरी पोचले. झाका ते पुस्तक. उठा, उठा मन्मथराव, मागच्या दारानं निघा, ह्यांना आत्ताच काय दाखवू न्हाई, आधी मी सांगते माझ्या पद्धतीनं. काय? ह्यांनी फोन करून विचारलं तर काय सांगायचं, पायी का न्हाई म्हणून? सांगा — त्या गावात बायकोला सोडून चालायला बंदी हाय म्हणावं. सरकारचा नियम हाय. निघा आता.