डॉक्टरांच्या छंदांविषयी चार शब्द

हो, लिही ना, ‘बहुरंगी व्यक्तिमत्त्व’ लिही — मंडळाच्या स्मरणिकेत गेलेले सगळे बहुरंगीच असतात. हसू नकोस क्षितिजा, अठ्ठावीस वर्षं इथे कुवेतला, जाब्रियात, त्यांची बायको म्हणून काढलीत, मला अधिकार आहे. छंद किती होते? मोजले नाहीत गं, त्यांच्यावरची धूळ पुसली फक्त. आधी दुर्बीण आणली — इथल्या ह्या धुळीत! तारे कुठले दिसायला? समोरच्या घरच्यांना वाटलं, डॉक्टर आपल्या खिडकीत बघतात. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, तक्रार घेऊन वर आला, तर ह्यांनी त्यालाच चंद्र दाखवला — तो तासभर हलेना. मग जुन्या बाजारातले रेडिओ. उघडले सगळे, वाजला एकही नाही. मग बाल्कनीत हापूस. पन्नास डिग्रीत! त्याचं काय झालं ते नको विचारूस.

शेवटी व्हायोलिन. साठीला! मंगफहून मास्तर यायचे शिकवायला — बिचारे. तर त्या शुक्रवारी माझ्याकडे बारा माणसं जेवायला, आणि हे सकाळीच म्हणाले, “छातीत जरा जळजळतंय गं.” मी पुऱ्यांची कणीक मळत होते. म्हटलं, “आता आजारपणाचा छंद नका लावून घेऊ, खुर्च्या मांडा आधी.” हसले की! खरंच हसले. म्हणाले, “कालची मिसळ असेल.” हृदयाचे डॉक्टर गं — दिवसाला वीस जणांना बजावायचे, जळजळ म्हणून सोडून देऊ नका — आणि स्वतः? मग मी कशी ओळखणार? मला काय कळतं त्यातलं? ह्यांनी खुर्च्या मांडल्या, बाराच्या बारा, आणि आत जाऊन ते व्हायोलिनचं करकरणं सुरू केलं. मी दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं थांबलं ते. मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटले! आणि पाऊण तास — अगं, पाऊण तास मी ते दार उघडलं नाही. मुद्दाम. उघडलं तर पुन्हा सुरू करतील म्हणून —

लिहितेस काय? खोड ते. खोड म्हणते ना! परीक्षितलासुद्धा ठाऊक नाही. तो टोरांटोत सगळ्यांना सांगतो, बाबा वाजवता वाजवता गेले, आई शेजारीच बसली होती — मीच सांगितलं त्याला तसं. तूही तेच लिही. फोटो मी मोबाईलवर पाठवते. चहा राहिला? राहू दे. नीघ आता.