थ्रॉसलचा पक्षी

(शेफील्ड. चढावरच्या एका घरामागची शेड. भिंतभर जुने रंधे, करवती, पटाश्या. शेडचा मालक सिडनी, त्याची बायको हिल्डा, आणि दारात उभा असलेला हिल्डाचा भाऊ विल्फ.)

हिल्डा : ...म्हणून मीच फोन केला त्याला. आता आलाय तर आत येऊ दे की. दारात किती वेळ ताटकळत ठेवणार?

सिडनी : त्याला सांग, दार उघडंच आहे. कुणी अडवलंय?

हिल्डा : विल्फ, सिडनी म्हणतोय...

विल्फ : ऐकू आलं. त्याला सांग, मी माझ्या बहिणीकडे आलोय. तिनं बेकन घातलेला पाव कबूल केलाय म्हणून.

हिल्डा : हा घे, गरम आहे. आणि मला एक सांगा, मी काय टपाल खातं आहे? हात लांब केलात तर एकमेकांच्या नाकाला लागेल, आणि निरोप माझ्या हाती!

विल्फ : सुरुवात कुणी केली ते विचार त्याला.

सिडनी : सुरुवात? जुनी अवजारं जमवणाऱ्या आमच्या सगळ्या मंडळासमोर यानं एक किडका ठोकळा टेबलावर आपटला आणि छाती काढून म्हणाला, हा थ्रॉसलचा रंधा! ही म्हणे शिक्क्यातली चिमणी!

विल्फ : चिमणी नाही. पक्षी. थ्रॉसलच्या शिक्क्यात गाणारा पक्षी असतो, हे मंडळातल्या पोराटोरालाही माहीत आहे. आणि हा काय म्हणाला? पक्षी नव्हे, किड्यांनी कोरलेली नक्षी आहे ती. सगळे हसले, हिल्डा. चहा देणारी बाईसुद्धा हसली.

हिल्डा : आपला आजोबा तरुण होता तेव्हा तो थ्रॉसलचा अवजारांचा कारखाना बंद पडला. आज तिथं नदीकाठी फ्लॅट आहेत, गॅलरीत लोकांचे टॉवेल वाळतायत. त्या थ्रॉसलच्या घरच्यांनासुद्धा आठवण नसेल, आणि तुम्ही दोघं त्याच्यापायी ख्रिसमसला वेगवेगळ्या घरी जेवताय!

विल्फ : मग त्यानं माझ्या रंध्याची पट्टी द्यावी.

सिडनी : तुझी? त्याला सांग, कडपट्टी मी विकत घेतलेली आहे. चेस्टरफील्डच्या बाजारात, रोख.

विल्फ : आणि त्याच बाजारात, पलीकडच्या टेबलावर, त्याच सकाळी मी ठोकळा घेतला. खाच पाडायचा रंधा हा. पातं ठोकळ्यात आणि लाकडाच्या कडेला टेकून चालते ती पट्टी. एक असून दुसरं नसेल तर दोन्ही चुलीत घालायच्या लायकीची. पण हा ऐकेल तर ना! म्हणे, ठोकळा भलत्याच कुणाचा आहे, माझ्या पट्टीला तो शोभणार नाही. सोयरीक मोडल्यासारखं बोलला.

सिडनी : ते सोड. हिल्डा, त्याला दाखव रविवारी मला काय मिळालं. ती समोरची पटाशी. थ्रॉसलचीच. मूठ मूळची, गंज जुना, शिक्का ठसठशीत. बघू दे, जळू दे थोडं.

हिल्डा : ...घे विल्फ. बघ.

विल्फ : आण इकडे. हं. हिल्डा, त्याला सांग, हा गंज बोटाला लागतोय. महिन्याभराचा आहे, शिर्क्यात बुडवून आणलेला. आणि हा पक्षी कसला, हे तर बदक आहे! त्याला सांग की एवढा मोठा जाणकार... एवढा मोठा...

सिडनी : का थांबला तो?

विल्फ : हिल्डा, मुठीवर दुकानातल्या किमतीच्या लेबलचा तुकडा आहे. निळा. नखाएवढा.

हिल्डा : हो. मला रविवारीच दिसला.

सिडनी : कसलं लेबल?

विल्फ : सिडनी, माझ्या हातात काय आहे?

सिडनी : त्याला सांग, उगाच परीक्षा घेऊ नको म्हणावं. पटाशी आहे.

विल्फ : पटाशी मी मघाशीच खाली ठेवली. हा पाव आहे. अर्धा खाल्लेला.

हिल्डा : म्हणून बोलावलं मी तुला.

सिडनी : इथं उजेड कमी आहे.

हिल्डा : भर दुपार आहे, सिडनी. चहा कपाच्या बाहेर ओततोस, मी मुकाट्यानं पुसते, आणि तू म्हणतोस कप गळका आहे. मी तीन कप बदलले तुझ्यासाठी.

सिडनी : मधोमध एक डाग आलाय. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं. जे बघायचं तेवढं सोडून बाकी सगळं दिसतं.

हिल्डा : डॉक्टरकडे जाऊ या.

सिडनी : जाऊन आलो. वाढू नये म्हणून सुया देतात डोळ्यांत. तू समजत होतीस मी मंडळात जातो.

हिल्डा : डोळ्यांत सुया! आणि एकटा बसनं आलास? का नाही सांगितलंस मला?

सिडनी : तू हे सगळं विकायला काढलं असतंस.

हिल्डा : अरे, ते तर मी तुझे डोळे धडधाकट होते तेव्हापासून काढतेय!

सिडनी : काढ मग. शिक्के वाचता येत नाहीत तर मी इथं बसून काय करू? एखाद्या पोरानं बदक दाखवलं आणि मी घरी घेऊन आलो. खूश होऊन आलो, हिल्डा. बसमध्ये शिट्टी वाजवत होतो.

हिल्डा : विल्फ, बोल काहीतरी.

विल्फ : पिशवी कुठे ठेवली मी? ही. सिडनी, हात पुढे कर.

सिडनी : कशाला?

विल्फ : कर म्हणतो ना. धर. जड आहे, पाडशील.

सिडनी : ...बीचचं लाकूड. जुनं, चांगलं मुरलेलं. कोपरे हातानं गोल केलेत, मशीनचं काम नाही. पाचर मात्र नंतरची. कुणी बसवली ही?

विल्फ : मी.

सिडनी : भिकार बसवलीस.

विल्फ : ठाऊक आहे.

सिडनी : पुढच्या तोंडाला किड्यांची भोकं. ही इथं. इथं. आणि ही... थांब. हे भोक नाही. हे दाबलेलं आहे, कड आहे याला. शेपटी. पोट. मान वर केलीय. हिल्डा, तो बाकावरचा दिवा मालव, डोळ्यांवर येतोय, मला धड विचार करू देत नाही. हं. चोच. चोच उघडी आहे याची.

विल्फ : किड्यांनी कोरली असेल.

सिडनी : किड्यांना चोच काढता येत नाही, गप्प बस.

हिल्डा : हे 'गप्प बस' मी पोचवू का त्याला?

सिडनी : तू पण गप्प बस. विल्फ, ठोकळ्याच्या पोटाला, जिथं पट्टीचे दांडे आत शिरतात, तिथं बघितलंस कधी?

विल्फ : बघितलं. बारीक खुणा आहेत. एका रंध्याचे तुकडे दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून कारागीर पटाशीनं खूण करायचे. तेच तर मी त्या दिवशी सांगत होतो, पण हशा थांबेल तर!

सिडनी : तीन उभ्या. आणि एक तिरकी, जरा लांब गेलेली. हात घसरला असावा त्याचा. हिल्डा, वरच्या खणात पट्टी आहे. लोकरी मोज्यात गुंडाळलेली.

हिल्डा : माझा मोजा! अख्खा हिवाळा शोधला मी हा. घ्या. आणि मोजा इकडे द्या.

सिडनी : विल्फ, तू वाच. मी हात लावणार नाही. तू वाच, मग मी सांगतो जुळतात का.

विल्फ : तीन उभ्या.

सिडनी : पुढे?

विल्फ : एक तिरकी. लांब गेलेली.

सिडनी : घसरलेली.

विल्फ : घसरलेली.

हिल्डा : आता रडताय का दोघं? सांगा, म्हणजे मी चहा टाकते.

सिडनी : बसव ती. जोर लावू नको, गाढवा! मेणबत्ती घास दांड्यांना आधी. हं. आता सरकव.

विल्फ : गेली. सिडनी, गेली! आवाजसुद्धा केला नाही.

सिडनी : आण इकडे. पाइनची फळी असेल बघ बाकाखाली. शिकंज्यात पकड.

हिल्डा : तू चालवणार? दिसत नाही आणि पातं चालवणार?

सिडनी : याला बघावं लागत नाही, हिल्डा. पट्टी फळीच्या कडेला टेकली की रंधा तिला धरून चालतो. हात फक्त ढकलतो. सरका बाजूला.

विल्फ : हळू... हं... अरे वा! बघ, काय सालपट निघालंय, हिल्डा! अखंड!

हिल्डा : खाच सरळ आहे का?

विल्फ : माझ्या लग्नातल्या भांगापेक्षा सरळ.

सिडनी : बोट घालू दे. हं. सरळ आहे.

विल्फ : बरं, आता माझा ठोकळा मी घेऊन जाणार.

सिडनी : ने. पट्टी इथं राहील.

विल्फ : पट्टीवाचून काय करू मी त्याचं?

सिडनी : ते मी काय सांगू? ठोकळा तुझा आहे.

हिल्डा : हे देवा, मघाशी बोलत नव्हते तेच बरं होतं! रंधा इथं राहील. बाकावर, जोडलेला. विल्फला हवा तेव्हा तो इथं येईल. आणि रविवारी बाजारात दोघं मिळून जाल. सिडनीला एकट्याला मी सोडणार नाही.

सिडनी : याच्या गाडीतून? गीअर टाकताना करवतीसारखा आवाज येतो तिचा.

विल्फ : मग जा बसनं, शिट्टी वाजवत.

सिडनी : येईन. पण तू फक्त वाचायचंस. काय आहे, कुणाचं आहे, ते मी चाचपून सांगणार. मध्ये तोंड घालायचं नाही.

विल्फ : आणि बदक निघालं तर?

सिडनी : तर पायावर पाय दे. लोकांसमोर बोलू नको.

हिल्डा : मी चहा आणते. ओतणार मी, कळलं? आणि सुयांच्या तारखा सांग मला. सगळ्या. विसरलेली नाहीये मी.

सिडनी : गेली?

विल्फ : गेली. डोळे पुसत गेली. हसतही होती.

सिडनी : विल्फ, तुझं तोंड मला दिसत नाही नीट. फार म्हातारा झालास का रे?

विल्फ : केस गेले. बाकी आहे तसाच आहे.

सिडनी : मान वळवून कडेनं बघतोय. कान दिसतायत.

विल्फ : ते तेवढे वाढलेत.

सिडनी : तिथं अंधाऱ्या कोपऱ्यात का उभा आहेस मग? इकडे ये. खिडकीजवळच्या स्टुलावर बस.