गोजराक्काची इर्जिक

ऐका. बिडी विझव रे तिकडं, आणि दार लोटून घे.

इर्जिक म्हणजे काय, सांगा बरं कुणी. नाही ना येत? शब्द कुठून आला ते मलाही ठाऊक नाही, माझ्या आजालाही नव्हतं. पण आजाच्या काळी एकाच्या रानात सगळा गाव आपापली बैलं, नांगर घेऊन उतरायचा. हलगी वाजायची. दिवस मावळायच्या आत रान नांगरून व्हायचं, आणि ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. पुढं नांगर गेले, जेवण तेवढं राहिलं. आता इर्जिक म्हणजे नुसती रश्श्याची पंगत.

तर आपला हैबती. अंधार पडल्यावर फाट्यावर उतरला, आणि जवळची म्हणून गोजराक्काच्या रानातली वाट धरली. गोजराक्का विधवा बाई, घरी बैल नाही. मागं तिनं इर्जिक सांगितली, तर गाव म्हणाला, आधी जेवण. बाईनं होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या कापल्या. पंगतीत पहिला हैबती. दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन एकही माणूस गेला नाही, हैबतीसुद्धा नाही. बाई एकटीच कुदळ घेऊन उतरली. उन्हात बांधावर पडली, ती उठलीच नाही. लाज वाटते सांगायला, पण गाव आपलाच.

हैबती चाललाय. आधी रश्श्याचा वास आला. मग हलगी. लांब, अगदी बारीक. त्याला वाटलं, कुठंतरी लग्न असेल. मग घुंगरं वाजली, बैलांची. आता एवढ्या अंधारात रानात बैलं कुणाची? बघतो तर बांधावर चूल पेटलेली, आणि पदर घेतलेली बाई वाढतेय.

"जेवून झालं ना रं हैबती?" ती म्हणाली. "आता जू घे."

आणि मानेवर जू बसलं. खरंच बसलं, ऐका. शेजारी कोण जुंपलंय ते दिसेना, नुसता धापांचा आवाज. मागं नांगर, नांगरामागं ती. हैबती ओढतोय, गुडघे फुटलेत, रान काही सरत नाही. थांबला की जू आवळतं. श्वास कोंडला. आता मरतोय म्हणताना तिनं विचारलं, इर्जिक कशाला म्हणतात रं?

"जेवणाला," हैबती बोलून गेला. जू आणखी आवळलं.

मग त्याला त्याचा बाप म्हणायचा ते आठवलं. रडत म्हणाला, "ज्याच्याकडं बैल नाही, त्याचं रान आधी. अक्का, चुकलो. उद्या गाव घेऊन येतो."

जू सैल झालं. हैबती पळाला तो घरच्या उंबऱ्यावरच पडला. मानेवरचा वळ अजून आहे, बघून या.

सकाळी तो दारोदार फिरला. चला, अक्काचं रान नांगरू. प्रत्येकानं एकच विचारलं, जेवायला काय आहे? दुपारपर्यंत हैबतीही दमला आणि घरी येऊन झोपला. आता लांबच्या रस्त्यानं जातो.

रान तसंच पडून आहे. उद्या सकाळी मी जातोय तिथं, म्हातारा असलो तरी. येतंय का कुणी बरोबर?

बघा. सगळ्यांच्या माना खाली.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. जेवला तुम्हीही होतात.