न विसळता धुतलेली गाडी

आमचं गाव खुटबाव, तालुका दौंड, आन् आई माझी नदीपल्याडची, न्हावऱ्याची, म्हंजी शिरूर तालुका लागतो तिकडं. वडील मी शाळेत असतानाच गेले, मग आईनंच लोकांची खुरपणी करून, कांदं काटून मला वाढवलं. बारावीला गटांगळी खाल्ली आन् त्याच टायमाला कुरकुंभला एमआयडीसीत कंपन्या उभ्या राहत व्हत्या, तर एका औषधाच्या कंपनीत हेल्पर म्हून चिकटलो, पुढं ऑपरेटर झालो. आता तिथं काम काय म्हणाल तर धुवायचं. हसू नका ताई, खरंच सांगतो. एक औषध काढलं की दुसरं टाकायच्या आधी ती भली मोठी टाकी, रिॲक्टर म्हंत्यात तिला, ती आतनं धुवायची, मग पाण्यानं विसळायची, पुन्हा विसळायची, आन् ते शेवटचं पाणी बाटलीत भरून लॅबला द्यायचं, लॅबवाला पास म्हणला तर पुढचं काम, न्हाईतर हाय पुन्हा विसळा. म्हंजी माझी सारी नोकरीच विसळण्यावर गेली, एवढं ध्यानात ठेवा.

आन् आईचं तर काय सांगू तुम्हाला. ती ल्हान व्हती तवा त्यांच्या गावात आपल्या लोकांना विहिरीला हात लावू देत नव्हते, हंडा खाली ठेवायचा आन् लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरनं वतणार, न्हाई आली तर बसा उन्हात. ती हे रडून सांगत न्हाई, रागानं सांगती. बाबासाहेबांचं नाव घेती आन् म्हणती, आता नळ आपल्या दारात हाय, पर सांडलेला थेंब मला बघवत न्हाई. आमच्या घरात पोरांनी अर्धा पेला पाणी उष्टं टाकलं तर ती उचलून झाडाला घालणार आन् वर दिवसभर बोलणार. तिचं तोंड लई, मन मऊ. माझं बी तोंड तिच्यावरच गेलंय, बायको म्हणती.

तर मी गाडी घेतली. जुनीच, लाल मारुती, पर आमच्या आळीत पहिली चारचाकी. घेतली कशापायी, तर आईच्या गुडघ्यापायी. तिला एस्टीची पायरी चढवंना, आन् न्हावऱ्याला तिची थोरली बहीण, आमची मावशी. दोघींचा लई जीव एकमेकीवर. म्हणलं गाडी आली की आईला महिन्यातनं एकदा तरी मावशीकडं सोडून आणू. आन् नेमकं तेच वर्स दुष्काळाचं लागलं. कॅनॉल कोरडा, विहिरी कोरड्या, दारात टँकर. आन् मी शहाणा, पहिल्याच रविवारी टँकरनं भरलेल्या टिपाडातल्या पाण्यात पाइप सोडून गाडी धुवायला बसलो.

आई बाहेर आली. सारी आळी बघतीय आन् ती म्हणली, अरं, माणसाच्या नरड्याला पाणी न्हाई आन् तू लोखंडाला आंघूळ घालतूस व्हय रं? मी बी तापलो, म्हणलं आये, गाडी माझी हाय, टिपाड बी माझ्याच घरातलं हाय. झालं. ती बोलती तवा भ्यायचं काम न्हाई, गप झाली की भ्यायचं. एवढंच म्हणली, तुझ्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाई. आन् माझ्याशी बोलायचीच बंद झाली. जिच्यासाठी गाडी घेतली तीच बसंना, म्हंजी घोडं घेतलं आन् नवरदेव रुसला!

मग मी बी गाडी धुयाची सोडली. आमच्याकडचा रस्ता तुम्ही बघितलाच, धुरळा नुसता. लाल गाडी पार मातीच्या रंगाची झाली, आळीतली पोरं तिच्यावर बोटानं नावं काढायची. आन् त्यातच न्हावऱ्याहून निरोप आला की मावशी अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलंय, अंथरुणाला खिळली, सारखी बहिणीचं नाव घेती. मी म्हणलं आये चल, आत्ता सोडतो. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, माझ्या बायकोला, संगीताला म्हणली, संगे, मी एस्टीनं जाती. गेली की हो चौफुल्याच्या स्टँडवर! तिथं दोन एस्ट्या आल्या, दोन्हीत चढता येईना, गुडघा वरच उचलंना, तशीच माघारी आली आन् पदरात तोंड खुपसून बसली. त्या दिवशी माझा जीव लई तुटला, ताई. मावशीचं वय झालेलं, काय बरंवाईट झालं असतं आन् बहिणींची भेट राह्यली असती तर ते सारं माझ्या गाडीवर आलं असतं.

माझा मेहुणा विलास पुण्यात गाड्या पॉलिश करायच्या दुकानात कामाला. त्यो आला आन् त्याला समदं सांगितलं तर हसायला लागला, म्हणला दाजी, तुमचं भांडण पाण्याचं हाय ना, मग पाण्यानं धुऊच नका. पुढच्या फेरीला त्यानं एक बाटली आणली, परदेशी, निळ्या रंगाचं औषध. बादलीत थोडंसं पाणी, त्यात टोपणभर हे, मऊ फडकं बुडवायचं, पिळायचं, गाडीचा एक पत्रा पुसायचा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचा, फडक्याची घडी पलटायची, पुढचा पत्रा. म्हणलं, आन् विसळायचं कवा? म्हणला, विसळायचंच न्हाई. मी म्हणलं, आरं जा, येडं बनवतो का! आमच्या लॅबवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं मला गेटाबाहेर काढलं असतं. पर विलास शपथा घालाया लागला, म्हणला हे औषध मातीच्या कणाला वेढून बुळबुळीत करतं, फडकं ती उचलून घेतं, रंगाला ओरखडा पडत न्हाई, मागं काय बी राहत न्हाई.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिंबाखाली गाडी लावली. आई मुद्दाम उंबऱ्यावर बसलेली. मी बी मुद्दाम बादली तिच्या समोरनं नेली, तळाशी पाणी, म्हणलं बघू दे तिला, गाडी किती पिती ती. आधी औषधाचं पाणी फवारून माती ओली करून घेतली, मग टपापासनं खाली पुसत आलो, चाकं शेवटाला. मातीखालनं लाल रंग निघाया लागला तसा मला हुरूपच आला. मग विलासनं दिलेलं मेण, वॅक्स म्हंत्यात त्याला, पातळ फासलं, धुरकट झालं की मऊ कापडानं घासून काढलं. पत्र्यात आरशागत आमच्या दाराचं तोरण दिसायला लागलं हो!

आई मात्र संगीताच्या तोंडानं बोलायची. संगे, त्याला म्हणावं साबण राह्यलाय. मी म्हणलं, संगीता, तिला म्हणावं विसळायचं नसतंय. संगे, त्याला म्हणावं न खंगाळलेलं कापड दोरीवरच विरतं. संगीता म्हणली, दोघं हातभर अंतरावर हायसा, मला का मधी पळवताय? तवा मी सरळ आईलाच समजावलं, की हे औषधच निराळं, ह्याला विसळायला पाणी लागत न्हाई. तिनं ऐकून घेतलं, आत गेली. मी म्हणलं, संपलं, हा बी डाव फसला.

सकाळी फर्स्ट शिफ्टला गेलो. दुपारी कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरलो, घरी येतोय तर लांबनंच गाडी दिसली आन् मस्तकात आग गेली. गाडीखाली सारा चिखल. टपापासनं दारापर्यंत पांढरे ठिपके ठिपके, आमचं क्षाराचं पाणी वाळलं की तसंच दिसतं. म्हणलं कुठल्या कार्ट्यानं केलं हे! शिवी तोंडात आली तेवढ्यात संगीतानं दारातनं हात केला, गप, गप. बघतो तर पायरीवर आईचा हंडा उपडा. तिचा प्यायच्या पाण्याचा हंडा, ताई. टँकर आला की ती फडक्यानं गाळून भरायची आन् कुणाला शिवू द्यायची न्हाई.

आई पुढं आली. कितीक दिवसांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणली, बाबा, रात्रभर मला झोप न्हाई. माझ्या बोलण्यापायी तू साबण तसाच ठेवला आन् मला वाईट वाटू नये म्हून पाणी लागत न्हाई म्हणलास. मला कळत न्हाई व्हय? साबणानं रंग खाल्ला असता. एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी माझ्या हट्टापायी नासायला नको, म्हून वतला हंडा.

मी तोंड उघडलं व्हतं सांगायला, की आये, काय बी गरज नव्हती, माझी सारी मेहनत तू पाण्यात घातली. पर नजर त्या उपड्या हंड्यावर गेली. म्हणलं, बरं केलंस आये, वाचली गाडी.

ती म्हणली, मग उभा काय राह्यलास? माझं बी पाणी लागलंय आता तिला, चल न्हावऱ्याला. पिशवी भरूनच ठेवली व्हती बघा! आधी बूड टेकलं, मग पाय आत घेतले हातानं उचलून, आन् बसली पुढं, माझ्या शेजारी. माझा जीव भांड्यात पडला. ठिपके तसेच, मी पुसलं बी न्हाई, तशीच गाडी काढली पारगावच्या पुलावरनं. नदीत नुसती वाळू, आन् आई खिडकीतनं हात बाहेर काढून वारा घेतीय. मावशीच्या खाटेवर दोघी बहिणी गळ्यात पडल्या, किती येळ रडल्या, मग किती येळ हसल्या. मावशी म्हणली, कुणाची गं गाडी? आई म्हणली, आपलीच, आन् धुतली बी मीच. मावशी पुढं बरी झाली, काठी घेऊन का होईना, हिंडाया लागली.

आता दिवस बरं हायती. पाऊस झाला, नळाला पाणी हाय, गाडी जुनी झाली पर चालती. मी आजून त्या औषधानंच पुसतो, सवय लागली आन् कमरेला बी बरं पडतं. आई खुर्ची टाकून बसती, माझं झालं की तांब्याभर पाणी घेऊन उठती, गुडघ्याला हात लावत येती, बॉनेटवर वतती आन् म्हणती, हां, आता झाली. मग मी पुन्हा कोरडं फडकं घेतो आन् ते तांब्याभर पाणी टिपून काढतो. संगीता आत हसती. त्या हंड्याची गरजच नव्हती, हे आईला आजून कुणी सांगितलं न्हाई, आळीत बी समद्यांना ताकीद हाय.

तिचं भलं व्हावं, तुमचं बी व्हावं, आलात, बसलात, ऐकलंत. हे लिहा, छापा खुशाल. पर जाताना तिला भेटाल तवा ती गाडीची गोष्ट काढंलच, समद्यांपाशी काढती. इचारलं तर सांगा, पाणी लागतं म्हून.