बाप्पा घरी पोचले

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्यानं चोरी केली नाही, खोटं बोलला नाही, कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. नुसता गप्प बसला! सांगा, त्याला पाप लागतं का?

पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत. नाही लागत म्हणे! काका, तेवढी मान लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा विचारणार आहे.

ऐका तर. पेणच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले जावई इथे बसलेत, उगाच बिचाऱ्यांना अवघडायला होईल. गणपती घडवणाऱ्यांचं गाव. तिथे द्वारकाबाई नावाची मूर्तिकार. वय पासष्ट. नवरा गेल्यापासून कारखाना तिच्याच जिवावर. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. भाड्याची पत्र्याची शेड, रंगकामाला सहा बायका, आणि मूर्तीचे डोळे आखणारी ही एकटी. डोळे आखताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, असा तिचा दंडक होता.

आणि तिची रीत काय? गिऱ्हाइकानं आषाढात घरचा पाट आणून द्यायचा, त्या पाटावर मूर्ती घडायची. भाव कुणी विचारायचा नाही. मूर्ती न्यायच्या दिवशी पाटाच्या कोपऱ्यावर विडा, सुपारी आणि पैसे ठेवायचे. पण द्वारकाबाई त्या पैशांना लगेच हात लावत नसे. हात पुसून विचारायची, "मिळाले का बाप्पा मनासारखे?" गिऱ्हाईक म्हणायचं, "मिळाले." त्यानंतरच ती पैसे उचलायची. तो एक शब्द ऐकल्याशिवाय तिनं आयुष्यात कधी पैसे उचलले नाहीत.

पण मंडळी, महामार्ग गावाबाहेरून गेला. गाड्या वरच्या वर सुसाट निघून जाऊ लागल्या. शेडमध्ये पाट येईनासे झाले. शेडचा मालक म्हणाला, "बाई, दसऱ्यापर्यंत वर्षाचं भाडं द्या. नाहीतर फरशीवाला तयार आहे." फरशीवाल्याला काय, त्याला गोडाऊनच पाहिजे होतं!

आता येतो आपला जयवंत. द्वारकाबाईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणीच गेली, या मावशीच्या मातीत खेळून वाढला. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करत होता, चांगला पगार होता. मावशीची शेड जाणार कळल्यावर नोकरी सोडून गावी आला. म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक रस्त्यावरून येत नाही ना? मग मोबाईलवरून आणू. गावच्या सगळ्या मूर्तिकारांचा मिळून ऑनलाइन बाजार काढू."

द्वारकाबाई म्हणाली, "पाट कुठून आणणार?"

"ऑनलाइनमध्ये पाट नसतो मावशी. खोक्यातून मूर्ती जाते."

"मग पैसे कशावर ठेवतील?"

हसा, हसा! जयवंतही हसला. पण मावशी हसली नाही. "जया, मूर्ती घरी पोचली, मनासारखी मिळाली, असं त्या माणसानं सांगितल्याशिवाय मला पैसे नकोत. तेवढं तुझ्या मशीनला सांग."

आणि जयवंतला ते पटलं हो! त्याला वाटलं, सगळं जग फसवाफसवीचा बाजार मांडतंय, आपण मावशीच्या रीतीनं मांडू. पैसे सांभाळणारी एक कंपनी त्यानं गाठली. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्या कंपनीकडे जाणार, तिथे थांबणार. मूर्ती पोचली की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर एक बटण येणार. बटणावर जयवंतनं स्वतः शब्द लिहिले — "बाप्पा घरी पोचले". ते दाबलं, की पैसे मूर्तिकाराच्या खात्यात.

कंपनीच्या फॉर्ममध्ये शेवटी एक प्रश्न होता. गिऱ्हाईक एकवीस दिवस काहीच बोललं नाही, तर पैसे कुणाला द्यायचे? विकणाऱ्याला, की घेणाऱ्याला परत? कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, विकणाऱ्याला लिहा. सगळे तेच लिहितात. लोक बटण दाबत नाहीत हो."

जयवंतनं मावशीला विचारलं. ती म्हणाली, "बोलला नाही म्हणजे मूर्ती पोचली नसेल, नाहीतर भंगली असेल. त्याचे पैसे आपण कसे ठेवायचे? परत दे."

जयवंतनं लिहिलं, परत द्या. मुलीनं पुन्हा विचारलं, "नक्की ना सर?" तो म्हणाला, "ताई, घरात गणपती आणून कुणी गप्प बसतं का?"

ऑर्डरी किती आल्या? साडेतीनशे! त्यातल्या सत्तर एकट्या द्वारकाबाईच्या. शेडमध्ये पुन्हा माती मळली गेली. सहाच्या नऊ बायका झाल्या. चतुर्थीच्या आत प्रत्येक मूर्ती पोचली, एकीचंही बोट तुटलं नाही. द्वारकाबाई दुपारी जेवून उठली की विचारायची, "जया, म्हणाले का कुणी, मिळाले?"

पहिल्या दिवशी चार म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात. मग दीड दिवसाचे गेले, गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली. एकदा मूर्ती पाण्यात गेली की माणूस मखर आवरतो, उरलेले मोदक संपवतो, कामाला लागतो. बटण कुणाच्या लक्षात राहणार? जयवंतनं सगळ्यांना मेसेज पाठवला, कृपया बटण दाबा. लोकांना काय वाटलं? फसवणूक! बँक रोज सांगते ना, अनोळखी ठिकाणी बोट लावू नका? नाही लावलं! शहाणीच माणसं सगळी, एकही लबाड नव्हता त्यांत.

त्यानं कंपनीला फोन केला. आता नियम बदला, पाया पडतो. तीच मुलगी होती. "सर, ज्या नियमावर लोकांनी पैसे भरले, तो मधेच बदलता येत नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं."

एकविसावा दिवस उजाडला. साडेतीनशेतल्या साठ जणांनी बटण दाबलं होतं. बाकीच्यांचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात परत गेले. ज्यांच्या घरी आरत्या झाल्या, ज्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांनाच परत!

मग जयवंत एकेकाला फोन करायला बसला. ठाण्याच्या एका मास्तरीणबाईंनी त्याच क्षणी पैसे पाठवले आणि वर माफी मागितली. असे आणखी वीसएक निघाले. बाकीचे? एक म्हणाला, "पैसे परत आले? मला वाटलं काहीतरी ऑफर आहे." एक म्हणाली, "बाप्पानंच दिले, आता ते परत कसे करायचे?" एकानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. गडबडीत आहे, नंतर बघतो म्हणाला. जयवंतनं वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'नंतर'.

संध्याकाळी मावशी म्हणाली, "जया, खरं सांग. मूर्ती वाईट झाल्या होत्या का? माझा हात हलला का?"

तो काय सांगणार? मावशी, मूर्ती चांगल्या होत्या, माणसं विसरली? तिनं पन्नास वर्षं ज्यांना देव दिला, त्यांना एक शब्द जड झाला, असं सांगायचं? तो नुसता मान खाली घालून बसला. तिनं त्याचा अर्थ लावला, मूर्तीच वाईट झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं कुंचले धुतले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले.

दसऱ्याला शेडमध्ये फरश्या उतरल्या. नऊ बायका वाटेला लागल्या. इतर मूर्तिकार जयवंतच्या दारात येऊन बोलायचं ते बोलून गेले. तो पुण्याला परत गेला. नोकरी मिळाली, पण तो आता गावी येत नाही. मावशीसमोर उभं राहायला तोंड नाही म्हणतो.

तुम्ही म्हणाल, बुवा, हे सगळं तुम्हाला कसं कळलं? मी तिथे गेलो होतो, मंडळी. कार्तिकात गेलो. पाकिटात पैसे घेऊन गेलो. तो 'नंतर बघतो' म्हणणारा होता ना? तो मी. पेटीवाले, माझ्याकडे बघू नका, वाजवू पण नका आत्ता. जयवंतचा फोन आला त्या दिवशी मी कीर्तनालाच निघालो होतो. विषय होता, कृतज्ञता.

द्वारकाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी पाकीट पुढे केलं. तिनं हातही लावला नाही. म्हणाली, "मिळाले होते का हो मनासारखे?"

मी म्हटलं, "मिळाले होते मावशी. डोळे तर असे, की नातवंडं समोरून हलत नव्हती."

तिनं वालाची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "अहो, मग तेव्हा म्हणायचं होतं." आणि रडायला लागली. मी म्हटलं, मावशी, आता म्हणतो, हजारदा म्हणतो, पुढच्या वर्षीची मूर्ती तुमच्याकडचीच. ती म्हणाली, "आता कुंचला हातात धरवत नाही. ते पाकीट घेऊन जा. मूर्ती नाही, पाट नाही, ते ठेवणार कशावर?"

ते पाकीट अजून माझ्या देवघरात आहे. रोज पूजेला बसलो की दिसतं.

मंडळी, जयवंतची ती वही मी पुण्याला जाऊन मागून आणली आहे. या झोळीत आहे. नव्वद नावं आपल्या याच गावची आहेत. वाचणार नाही, घाबरू नका. माझंच नाव त्यात असताना तुमची नावं कोणत्या तोंडानं वाचू? पण देवानं दिलं, आईनं दिलं, दाराशी खोकं घेऊन आलेल्या त्या पोरानं दिलं, त्यातल्या कुणाकुणाला आपण 'मिळालं' म्हणायचं ठेवून दिलं आहे, ते घरी जाताना ज्याचं त्यानं आठवा. आणि आठवलं तर आजच्या आज म्हणा. मला उशीर झाला.

काका, मघाचा प्रश्न पुन्हा विचारतो. पाप लागतं का?

काका मान हलवत नाहीत.