घेणारा कोण, ते आधी दाखवा

नाव वर नोंदवल्याप्रमाणे. बाजारात मला ‘मालक’ म्हणतात. वय बावन्न. धंदा सलून, खुर्च्या तीन. पूर्वी दुसऱ्याच्या दुकानात केस झाडत होतो. राहणार सलूनच्या मागे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

सलूनच्या वरची खोली माझीच आहे. तिथे दर रविवारी माझ्या सासूबाई शेअर बाजारातल्या नवख्यांचा वर्ग घेतात. त्या पूर्वी एका दलालाच्या कार्यालयात ऑर्डरी घेत असत. येणाऱ्या बहुतेकांना अगदी कमी भावाच्या शेअरांची हौस असते. वर्गाचा नियम असा की, असा शेअर आधी थोडासाच घ्यायचा आणि विकून दाखवायचा. विकला गेला नाही तर त्याचे नाव फळ्यावरून पुसतात. त्या म्हणतात, “भाव कमी म्हणजे माल स्वस्त नव्हे. कंगवा अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून टकल्याने घ्यायचा का?” हे खाली ऐकू येते. ऐकण्यासाठी गिऱ्हाईक मला कात्री थांबवायला लावते.

गेल्या रविवारी एक सूटवाले गृहस्थ वर्गात बोलण्यासाठी आले. त्यांना माझ्या मेहुण्याने, म्हणजे सासूबाईंच्या मुलाने, आणले होते. वर जाण्याआधी ते माझ्याकडे दाढीला बसले. तोंडाला फेस असताना त्यांना फोन आला. न्हाव्याला कान नसतात असा त्यांचा समज असावा. ते म्हणाले, “उद्या बाजार उघडला की ही मंडळी घेतील. ती घेत असतानाच आपला सगळा माल सोडायचा.” मी दाढी नीट पूर्ण केली. मग वर जाऊन सासूबाईंच्या कानात सांगितले.

त्यांनी फक्त मान हलवली आणि गृहस्थांना बोलू दिले. ते म्हणाले, “हा शेअर रोज वर जाऊन दिवसाच्या ठरलेल्या भावमर्यादेला टेकतोय. नियम वगैरे नंतर, उद्याच घ्या.” एक शिंपीणबाई आणि दोन रिक्षावाले घेण्याच्या तयारीत होते.

सासूबाई म्हणाल्या, “भाव मर्यादेला टेकला की वर कुलूप लागतं, तसं पडताना खालीही लागतं. मग विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणी नाही. माझ्याकडे यातले थोडे आहेत. उद्या आजच्याच भावाला तुम्ही घ्या.”

“माझे पैसे सध्या अडकलेत, मावशी.”

“कशात?”

“यातच.”

वर्ग हसला. सासूबाई हसल्या नाहीत. “म्हणजे तुम्हालाही विकायचेत. घेणारे म्हणून आम्हाला बसवलंय.”

गृहस्थांनी फळा लाथेने आडवा केला, “वर्ग कसा चालतो ते बघतो” असे म्हणाले आणि निघून गेले. कोणीही शेअर घेतले नाहीत. मी आयुष्यात बरेच हुशार लोक खुर्चीत बसवले आहेत. भर वर्गात आवाज न चढवता असा माणूस उघडा पाडताना कोणाला पाहिले नव्हते.

मग सासूबाईंनी मेहुण्याला विचारले, “माणशी किती मिळायचं ठरलं होतं?” उत्तराची वाट न बघता त्या म्हणाल्या, “वर्ग संपलेला नाही. पुढच्या रांगेत बस.” पुढची रांग अगदी नवख्यांची असते. तो बसला. त्यांनी फळा उभा केला आणि पहिल्यापासून शिकवायला लागल्या. खडू दोनदा तुटला, एवढेच मी पाहिले.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. मेहुण्याचा मजकूर गाळावा अशी मी साहेबांना विनंती केली होती. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या आहेत, त्यांना विचारून आलो. त्या म्हणाल्या, “राहू द्या, जावईबापू. त्याला सोबत घेऊनच बसलेय.” सबब विनंती मागे घेतो. माझ्यानंतर जबाब त्याचा आहे.